एक कूलर, दोन घरं

शांतीदेवी आणि त्यांचे पती मोहनलाल, राहणार जवाहर नगरच्या मागची कच्ची वस्ती, डोंगराकडून तिसरी गल्ली. या कुटुंबावर अन्याय झाला. श्रावणातल्या तीजेच्या सणाआधीच्या मंगळवारी, सकाळी अकरा ते सव्वाअकराच्या दरम्यान. अन्याय करणाऱ्या व्यक्तीचं नाव-गाव मला पक्कं माहीत आहे, कारण ती व्यक्ती मी आहे.

पत्रक असंच सुरू करायचं असतं. आधी कोणावर, मग कधी, मग कोणी. मी लहानपणापासून पत्रकं वाचत आणि वाटत आले. बाबा रेल्वेत, सिग्नल खात्यात. अकोल्याहून बदली होऊन जयपूरला आले तेव्हा मी पाच वर्षांची होते. चौदा एप्रिलच्या आधी आमच्या क्वार्टरमध्ये पत्रकांचे गठ्ठे यायचे. त्यांच्या घड्या घालता घालता मी मराठी वाचायला शिकले. शाळा हिंदी. म्हणून माझ्या मराठीत कुठे 'मतलब' घुसला तर सांभाळून घ्या.

इथल्या मराठी मंडळाच्या संपादकांनी या दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी मागितल्या. मी म्हटलं, त्या निवृत्त लोकांकडून घ्या. माझी नोकरी तीन वर्षांची, आणि मी निवृत्त झाले नाही, मला काढलं. ते म्हणाले, "मित्रा, लिही, पण भाषण नको." मित्रा हे माझं नाव. प्रयत्न करते.

तर काम काय होतं ते सांगते. तुमच्या दारावर कधीतरी गळ्यात ओळखपत्र, हातात पुठ्ठा आणि पुठ्ठ्याला सुतळीने बांधलेलं पेन अशी एक मुलगी आली असेल. "अभी टाइम नहीं है" म्हणून तुम्ही जाळीचं दार लावून घेतलं असेल. ती मी. आमची एजन्सी सी-स्कीममध्ये, जयपूरच्या बंगलेवाल्या भागात, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. सर्वेक्षणाची कंत्राटं घ्यायची. एकेका भरलेल्या फॉर्ममागे आम्हाला मजुरी मिळायची.

त्या वर्षी एजन्सीकडे दोन कामं होती. एक, फ्रीज आणि टीव्ही विकणाऱ्यांसाठी. कोणत्या घरात काय आहे आणि पुढे काय घ्यायचा विचार आहे, ते विचारायचं. दुसरं, गरीब कुटुंबांच्या यादीसाठी. कोणत्या घरात काय आहे तेच विचारायचं, आणि आहे म्हणून ते घर गरीब नाही असं ठरवायचं. दोन्ही फॉर्म पुठ्ठ्यावर एकाखाली एक लावलेले असले की मला स्वतःलाच घोटाळा व्हायचा. पहिल्या फॉर्मात फ्रीजवर खूण झाली की घरमालकाला डायरी भेट. दुसऱ्या फॉर्मात फ्रीजवर खूण झाली की घर यादीबाहेर.

यादीच्या फॉर्मात प्रत्येक गोष्टीला गुण होते. पक्कं छप्पर असेल तर इतके, कूलर असेल तर इतके, मोबाईल असेल तर इतके. बेरीज एका रेषेच्या वर गेली की तुम्ही सुखी. उलट, घरात कोणी कायमचं आजारी असेल तर गुण वजा व्हायचे. हे वजा होणारे गुण फार मोलाचे. यादीत आलेल्या घराला कार्ड मिळायचं, आणि त्या कार्डावर सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट. वस्तीतल्या लोकांना रेषा कळत नव्हती, पण कार्ड कळत होतं.

विचारायचीही एक रीत असते. "दोन वेळ जेवता का?" असं कधी विचारू नये. सगळे हो म्हणतात. "काल संध्याकाळी भाजी कसली होती?" असं विचारावं. मग बाई मुलांकडे बघते आणि थांबते, त्या थांबण्यात उत्तर असतं. दारातल्या चपला मोजाव्यात. पाणी मागावं, म्हणजे भांडी कुठे ठेवलीत, किती आहेत, ते दिसतं. हे सगळं मला येत होतं. वाईट काम करणारी मुलगी मी नव्हते, हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे तसं वाटेल.

सी-स्कीममधल्या एका बंगल्यात, फाटकाबाहेर उभं राहून मी फ्रीजवाला फॉर्म भरत होते. पोर्चमध्ये तीन गाड्या. बाई म्हणाल्या, "इनकम में लिख दो, मिडल क्लास."

मी म्हटलं, "मॅडम, मिडल क्लासचा रकाना नाहीये."

"तो बना लो ना बेटा. पेन तो है तुम्हारे पास."

त्याच आठवड्यात वस्तीत एका रद्दी गोळा करणाऱ्या बाबाने मला आपली कमाई तहसीलदाराच्या पगाराएवढी सांगितली. नवी सून पडद्याआड ऐकत होती ना! श्रीमंत माणूस कमी सांगतो, गरीब माणूस जास्त सांगतो, आणि दोघंही माझ्यासाठी सांगत नसतात. शेजारी कोण बसलंय त्याच्यासाठी सांगतात. तीन वर्षांत मी शिकलेली ही एकच मोठी गोष्ट, आणि जिथे ती वापरायची तिथे मी वापरली नाही.

सोमवारी मी त्या तिसऱ्या गल्लीत काम सुरू केलं. पहिलंच घर भँवरीबाईंचं. त्या बांधकामावर जातात, आवाज खणखणीत. त्यांच्याकडे पत्र्याचा कूलर होता. हिरवा, एका बाजूने पोचे पडलेला, पुढे मोराचं अर्धं निघालेलं स्टिकर. मी खूण केली. त्या म्हणाल्या, "लिखो बाईसा, लिखो. चलता कम है, गाता ज़्यादा है."

त्या दिवशी गल्लीतल्या सात घरांत गेले. प्रत्येक घरात दारासमोरच्या भिंतीवर एक रिकामा खिळा दिसला. फोटो नाही, कॅलेंडर नाही, नुसता खिळा. कशासाठी, ते मी विचारलं नाही. फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता.

मंगळवारी शांतीदेवींचं दार. आत पाहुणे बसलेले. त्यांच्या पुष्पाला बघायला मुलाकडचे आले होते: मुलाची आई, मामा आणि मुलगा. खुर्च्या प्लास्टिकच्या, सहा, एकाच रंगाच्या. स्टीलचे पेले चकचकीत. ताटलीत घेवर, तीजेची जाळीदार मिठाई. दारासमोरच्या भिंतीवर घड्याळ. आणि कोपऱ्यात हिरवा कूलर, पोचे पडलेली बाजू भिंतीकडे केलेली, पुढे अर्धा मोर.

मी ओळखला. पहिल्या नजरेत ओळखला. खिळ्यांचं कोडंही तिथेच सुटलं. त्या गल्लीत घड्याळ एकच होतं. ज्या घरी मुलगी बघायला येणार, त्या घरी ते त्या दिवसापुरतं जायचं. खुर्च्या, पेले, चादर, कूलर, सगळं सकाळीच घरोघरून निघायचं आणि पाहुणे गेले की परत. कोणी मागायचं नाही, कोणी उपकार मोजायचे नाहीत. उद्या आपल्याही मुलीची पाळी येणार असते.

मोहनलाल पाहुण्यांसमोर ताठ बसले होते. ते चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका कारखान्यात चाकावर नगीने, दागिन्यांतले खडे, घासायचे. बावीस वर्षं पन्ना, म्हणजे पाचू, घासला. दगडाची धूळ छातीत बसलेली. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं होतं, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच की गालात काहीतरी धरून ते हसत होते. लवंगा होत्या. खोकला येऊ नये म्हणून.

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, पाहुणे आलेत, मी उद्या येते. दोन शब्द. पण उद्याची गल्ली वेगळी होती, त्या दिवसाचे फॉर्म कमी पडत होते. मी उंबऱ्यावर बसले आणि पाहुण्यांच्या देखत विचारलं, "ये कूलर आपका है?"

शांतीदेवींनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलाच्या आईकडे. ती बाई कूलरकडेच बघत होती. ती आणि मी त्या वेळी एकच काम करत होतो.

"हाँ जी," शांतीदेवी म्हणाल्या. "म्हारो ही छै."

"घड़ी?"

"हाँ."

"मोबाइल?"

"है."

"घर में कोई लंबे समय से बीमार?"

मोहनलालनी लवंग दुसऱ्या गालात घेतली आणि हसून मान हलवली.

"ना जी, सब ठीक है," शांतीदेवी म्हणाल्या. "आप घेवर तो लो, बाईसा."

मी खुणा केल्या, घेवर खाल्लं आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा मागून खोकला ऐकू आला. मागच्या दाराने बाहेर येऊन, भिंतीला धरून, पोटातून खोकणाऱ्या माणसाचा खोकला. पेन हातात होतं. फॉर्म पुठ्ठ्यावर होता. मी पुढच्या घराची कडी वाजवली.

पाच-सहा महिन्यांनी शाळेच्या भिंतीवर यादी लागली. शांतीदेवींचं नाव नव्हतं. भँवरीबाईंचंही नव्हतं. एका कूलरने मी दोन घरं सुखी केली होती. त्याच सुमारास एजन्सीचा दुसरा अहवाल, म्हणजे फ्रीजवाल्यांचा, तयार झाला. त्यात लिहिलं होतं की वस्त्यांमध्येही आता वस्तूंची मालकी झपाट्याने वाढते आहे. ऑफिसात पेढे वाटले. शहरात मॉल उभे राहत होते, रस्ते रुंद होत होते, सगळे म्हणत होते देश पुढे चाललाय. मी पेढा हातात धरून विचार करत होते की यात माझा हिरवा कूलर किती वेळा मोजला गेला असेल.

भँवरीबाईंनी मला वस्तीच्या नळावर गाठलं. "एक कूलर से दो घर ठंडे कर दिए, बाईसा? कंपनी वालों को बोलो, तुम्हें रख लें." बायका हसल्या. शांतीदेवी हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, "ग़लती मेरी है. आपने पूछा, मैंने बोल दिया. उस टाइम और क्या बोलती?" हे ऐकण्यापेक्षा भँवरीबाईंच्या शिव्या बऱ्या होत्या.

पुष्पाचं लग्न ठरलं. मुलाच्या आईने फार काही मागितलं नाही. "घर में जैसा कूलर है, वैसा एक दे देना, बस," एवढंच म्हणाली. नवा कूलर पुष्पाबरोबर गेला. त्याच्यासाठी घरोघरी भांडी घासणाऱ्या शांतीदेवींनी आणखी दोन घरं धरली. मोहनलाल, ज्यांनी काम सोडायला हवं होतं, ते चाकावर बसत राहिले.

यादीवर हरकत घेता येत होती. पंधरा दिवसांची मुदत. हरकतीच्या फॉर्मला दोन गोष्टी जोडायच्या: सर्वेक्षण करणाऱ्याचं निवेदन की नोंद चुकली, आणि त्याच वॉर्डात स्वतःचं घर असलेल्या दोन माणसांच्या सह्या की आम्ही या कुटुंबाला ओळखतो, ते गरजू आहे.

निवेदन दोन ओळींचं. मी आमच्या सुपरवायझरना, सक्सेनाजींना विचारलं. ते वाईट नव्हते. चहा मागवला आणि म्हणाले, "देखो मित्रा, एक फॉर्म ग़लत माना तो पूछेंगे बाकी कितने ग़लत हैं. नौकरी तो तुम्हारी जाएगी ही." मग म्हणाले, "तुम अच्छा लिखती हो. कहीं और लिखो."

मी कुठेतरी दुसरीकडे लिहिलं. चार पानी पत्रक काढलं. मथळा: 'मॉलच्या सावलीतले उपाशी'. हिंदीत आणि मराठीतही. त्यात विषमता होती, विकासाचा खोटेपणा होता, सरकारला सात सवाल होते. कूलर नव्हता. मी नव्हते. लोकांनी फार कौतुक केलं.

पत्रकाची प्रत घेऊन मी सह्यांसाठी जवाहर नगरमध्ये गेले. शांतीदेवी ज्यांच्याकडे सर्वात आधीपासून कामाला आहेत त्या काकू मराठी. काका फौजेतून निवृत्त, मूळचे साताऱ्याकडचे. मंडळाच्या हळदीकुंकवाला काकूंनी मला लहानपणापासून तिळगूळ दिलाय.

"छान लिहिलंयस गं," काकू म्हणाल्या. "वाचून अंगावर काटा आला. अगदी खरं आहे, गरीब गरीबच राहतोय."

मी हरकतीचा फॉर्म पुढे केला. काकूंनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"शांतीचा होय? अगं, पण तिच्याकडे मोबाईल आहे की."

"काकू, तो तुम्हीच दिलाय ना?"

"दिलाय, म्हणजे, आमचा जुना. तिला यायला उशीर झाला तर कळायला नको का? आज भांडी घासायची की नाही ते मला सकाळी कळलं पाहिजे."

"मग त्याचे गुण तुमच्या नावावर धरायला हवेत."

काकू हसल्या, पण पेन उचललं नाही. "तसं नाही मित्रा. मी तिला दिवाळीला साडी देते, उरलंसुरलं देते, मुलीच्या लग्नात भांडी दिली. माझ्याकडून कमी नाही केलं कधी. पण सरकारी कागदावर सही म्हणजे... उद्या चौकशीला कोणी आलं तर? यांचं पेन्शन आहे. आणि खरं सांगू? कार्ड मिळालं तर त्या माजतात गं. मग काम सोडतात."

घेवर नव्हतं, पण चिवडा होता. तोही मी खाल्ला.

आणखी चार घरं फिरले. एका ठिकाणी पत्रकाच्या दोन प्रती ठेवून घेतल्या, मैत्रिणीला द्यायला. सही कोणी केली नाही. त्यांना तरी कोणत्या तोंडाने बोलू, माझंच निवेदन फॉर्मला लागलेलं नव्हतं. पंधरावा दिवस उलटला.

रविवारी बाबा पत्रक वाचत बसले होते. सगळं वाचलं, शेवटच्या घोषणेपर्यंत. मी वाट बघत होते. मग मी त्यांना कूलरची गोष्ट सांगितली. ती त्यांनी पहिल्यांदाच ऐकली.

बाबा म्हणाले, "थे यात कुठी आहे?"

"काय?"

"हे कूलरचं. चार पानं पाह्यली मी. सरकार आहे, सेठ आहे, मॉल आहे. तू कुठी आहे?"

मी म्हटलं, "बाबा, पत्रकात असं लिहीत नाहीत."

"मंग हे मले काहून सांगून राह्यली? जिथं लिहायचं तिथं लिही."

सोमवारी मी दोन ओळी लिहिल्या. 'मंगळवारी केलेली नोंद चुकीची आहे. कूलर शेजारच्या घरचा होता, आणि हे मला माहीत होतं.' शेवटचे पाच शब्द गाळावेत असं सक्सेनाजींनी सुचवलं. मी गाळले नाहीत. महिन्याअखेर माझं ओळखपत्र जमा करून घेतलं. निवेदन मुदतीनंतर आलं म्हणून हरकत फेटाळली गेली. चार पानं लिहायला मला अकरा दिवस लागले होते. दोन ओळी लिहायला दहा मिनिटं. उलट केलं असतं तर मोहनलालना दोन वर्षांपूर्वी कार्ड मिळालं असतं. हा हिशेब मी रोज करते.

आता मोहनलाल चाकावर बसत नाहीत. बसवतच नाही. दारात खाटेवर असतात. दवाखान्याची चिठ्ठी घरात आहे, औषध अर्धं येतं, अर्धं पुढच्या महिन्यावर जातं. परवा मी भेटायला गेले तर मला म्हणाले, "बाईसा, अब पूछो. अब लौंग नहीं है मुँह में."

या दिवाळीनंतर यादी पुन्हा उघडते आहे. हरकतींना पुन्हा पंधरा दिवस. या वेळी मी उलट्या क्रमाने निघाले. आधी माझं निवेदन जोडलं. मग सह्या. पहिली सही वस्तीच्या तोंडाशी किराणा दुकान आणि वर स्वतःचं घर असलेल्या हेमनदासजींनी केली. त्यांना पत्रक दाखवलं नाही, नुसतं विचारलं, शांतीदेवींना ओळखता का?

"ओळखता का?" त्यांना रागच आला. "अरे बेटा, जो रोज़ शाम को चाय की एक पुड़िया और पचास ग्राम तेल ले, उसको मुझसे ज़्यादा कौन पहचानेगा? ये सर्वे-वर्वे तुम लोग घर में जाकर करते क्यों हो? दुकान पर बैठो. यहाँ कोई दूसरे का तेल दिखाने नहीं लाता."

सही करून त्यांनी खाली दुकानाचा शिक्काही मारला, न मागता.

तीन वर्षं दारोदार फिरून आम्ही जे मोजत होतो त्यापेक्षा त्यांचा तराजू बरा होता. पण सह्या दोन लागतात.

तर आता तुमच्याशी बोलते. हा अंक जवाहर नगरमधल्या पुष्कळ मराठी घरांत जातो. तुमची घरं तुमच्या नावावर आहेत. त्यातल्या तीन घरांत रोज शांतीदेवी येतात. काकू, तुम्हीही हे वाचता आहात, मला माहीत आहे. तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. मीही त्या दिवशी वाईट नव्हते, मला फक्त पुढच्या घरी जायचं होतं. या लेखाचं कौतुक करू नका. मैत्रिणीला वाचायला देऊ नका. साडी देऊ नका.

फॉर्म माझ्या पिशवीत आहे. पहिल्या ओळीवर हेमनदासजी. दुसरी ओळ रिकामी आहे. भाऊबीज झाली की दुसऱ्या सकाळी मी तुमच्या सेक्टरमध्ये पहिल्या घरापासून सुरू करणार आहे. जाळीचं दार उघडा, नाव लिहा, घराचा नंबर लिहा, आणि सही करा.